काचेकडे तोंड केलेली खुर्ची

सर, वयाच्या पन्नासाव्या वर्षी मी माझा पहिला पेपर जर्नलला पाठवायला बसले आहे, आणि उशिराचं खापर मी तुमच्यावर फोडते. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, तरी फोडते. कान-नाक-घसा विभागात कुणी नवीन आलं आणि चहा पिता पिता विचारलं की मॅडम, तुमच्या नावावर एकही पेपर कसा नाही, की माझं उत्तर तयार असतं. आमचे सर होते ना, त्यांना छापण्याचाच तिटकारा. "छापनाऱ्यांना काय कळतंय? त्यांना कान हायत का?" असं भर ओपीडीत म्हणायचे. मग त्यांच्या हाताखाली कोण कशाला लिहितंय? समोरचा हसतो, जुने लोक असेच म्हणून मान हलवतो, आणि विषय संपतो. तुमची नक्कल मला चांगली जमते, 'हाय' आणि 'न्हाय'सकट. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस विभागप्रमुख झाला, पण जीभ काही गावाहून शहरात आली नाही, असंही मी वर जोडते. लोकांना ते फार आवडतं.

आज रविवार आहे. एप्रिलातलं सोलापूर, त्यामुळे दुपारी एक वाजता नळाखाली हात धरवत नाही. कूलर बाहेरच्या खोलीत आहे आणि नेट मात्र स्वयंपाकघरातच नीट येतं, म्हणून ओट्याशेजारच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसले आहे. एका हाताला शेंगाचटणीची बरणी, दुसऱ्या हाताला सह्यांचे कागद. पेपर नाही तर बढती नाही, असा नियम आहे. आमच्या कॉलेजात यंदापुरती सवलत एवढीच, की छापून आला नसला तरी जर्नलला पाठवल्याची पोच अर्जाला जोडलेली चालेल. अर्जाची मुदत परवा संपते. माझ्या हाताखाली शिकलेली दोन मुलं आज माझ्या वरच्या पदावर आहेत आणि मीटिंगमध्ये मला "मॅडम, तुम्ही बसा ना" म्हणून खुर्ची देतात. ते मला सहन होत नाही, हे सरळच सांगते.

तुमच्या काळी तीन प्रती काढायच्या, पाकिटात घालायच्या आणि पोस्टात टाकायच्या, की झालं. आता एका लेखाच्या दहा फाइली करायच्या. पहिलं पान वेगळं, त्यावर सगळ्यांची नावं, पदव्या, फोन. मूळ लेख वेगळा, त्यात नाव औषधालासुद्धा नको, कारण तपासणाऱ्याला लेखक कोण ते कळता कामा नये. तक्ते वेगळे, फोटो वेगळे, एथिक्स कमिटीचं पत्र वेगळं, संपादकांना लिहायचं गोडगोड पत्र वेगळं. नाव काढायचं म्हणजे कॉलेजचं काढायचं आणि शहराचंही काढायचं. सकाळी मी 'सोलापूर' शोधून शोधून खोडलं आणि त्या जागी 'पश्चिम भारतातील एक शहर' असं घातलं. लूमवाल्यांवरच्या, म्हणजे यंत्रमाग कामगारांवरच्या लेखातून सोलापूर गेलं आणि लेखाचं काही म्हणजे काही अडलं नाही, यावरूनच त्याची लायकी कळावी. मग समजलं की नुसतं वरवर खोडून भागत नाही, फाइलीच्या पोटातही एक नाव राहतं, ती कुणाच्या कॉम्प्युटरवर तयार झाली त्याचं. आमच्या लेखाच्या पोटातून कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याचं नाव निघालं. त्यानं निदान टाइप तरी केलं होतं. पहिल्या पानावर मिरवणाऱ्या पाच लेखकांपैकी तिघांनी तेवढंही केलेलं नाही.

तिघांत पहिले आमचे आताचे विभागप्रमुख. प्रत्येक लेखकानं काय काम केलं त्याचा एक फॉर्म भरून द्यावा लागतो. कल्पना कुणाची, माहिती कुणी गोळा केली, लिहिलं कुणी, तपासलं कुणी. शुक्रवारी तो कागद घेऊन मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. ते फोनवर कुणाला तरी शेतातल्या बोअरची मोटर कशी बसवायची ते समजावत होते. फोन कानाला तसाच धरून त्यांनी सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा केल्या, सही ठोकली, आणि मग फोनवर तळहात ठेवून मला विचारलं, "कशावर आहे आपला पेपर?" मी म्हटलं, लूमवाल्यांच्या कानांवर. "वा, चांगला विषय आहे. माझं नाव दुसरं ठेवा," म्हणाले आणि परत मोटरीकडे वळले. उरलेल्या दोघांतल्या एकानं आकडेमोड करून देण्याचं कबूल केलं होतं, ती केली नाही. दुसऱ्याच्या पेपरात माझं नाव जाणार आहे म्हणून माझ्या पेपरात त्याचं. हा व्यवहार मीच ठरवला, त्यामुळे मला नाक मुरडायचा हक्क नाही. तरी मुरडते. एवढं सुख कुणी सोडत नाही.

काम केलं ते माझ्या विद्यार्थिनीनं. एमएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, टेंभुर्णीची, वडिलांचं हायवेवर टायरचं दुकान. लूमवर काम करणाऱ्या शंभरावर माणसांचे कान तिनं दीड वर्षात तपासले. मी गाइड, म्हणजे महिन्यातून एकदा वही बघायची, 'बरं चाललंय' म्हणायचं. तपासणी तुमच्या वेळची तीच आहे. साउंडप्रूफ खोलीत माणसाला हेडफोन लावून बसवायचं, काचेच्या बाहेर आपण यंत्रापाशी. आपण बटण दाबलं की त्याच्या कानात बारीक शिट्टी वाजते. ऐकू आली की त्यानं बोट वर करायचं. तिच्या वह्यांतून जे निघालं ते ऐकून तुम्ही भुवया उंचावल्या असत्या. वीस-वीस वर्षं लूमच्या खडखडाटात उभी राहिलेली ही माणसं चक्क बरं ऐकत होती. वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी बरं. संपादकांच्या पत्रात मी लिहिलं, की हा निष्कर्ष नवा आहे आणि या विषयावरच्या रूढ समजुतीला धक्का देणारा आहे. ते वाक्य मला इतकं आवडलं की मी दोनदा मोठ्यानं वाचलं.

त्या माणसांपैकी एक जण त्याच्या बायकोमुळे माझ्या लक्षात राहिला आहे. टॉवेलच्या कारखान्यातला, पंचेचाळिशीचा, तेलुगू घरातला, चापून भांग पाडलेला. विद्यार्थिनीनं त्याला 'कान नॉर्मल' असा रिपोर्ट दिला तेव्हा मी ओपीडीत होते. बायको रिपोर्ट घेऊन माझ्या टेबलापर्यंत आली. "मॅडम, नॉर्मल कसं हुईल? घरात काय बी ऐकत न्हाईत की हे. कुकरच्या शिट्ट्या हुतात, ह्यांना पत्त्या न्हाय. मागून हाक मारली तर बघत पन न्हाईत." मी रिपोर्टवर नजर टाकली आणि म्हटलं, "बाई, नवऱ्याला बायकोचं ऐकू येत नाही हा आजार नाही. तो सगळ्या घरात असतो." सगळी ओपीडी हसली. सिस्टर हसल्या, रांगेतले पेशंट हसले, नवऱ्याला काय ते कळलं नाही पण सगळे हसले म्हणून तोही हसला. बाई हसली नाही. रिपोर्टची घडी घालून तिनं पिशवीत ठेवली आणि त्याच्या दंडाला धरून गेली. सर, असलं बोलणं मी तुमच्याकडूनच उचललं आहे. तुम्ही मात्र पेशंटला कधी असं बोलला नाहीत, तुमचा पट्टा फक्त आमच्यावर चालायचा. हा फरक मी नकला करताना सांगत नाही.

आज दुपारी मी 'पद्धत' नावाचा भाग शेवटचा वाचत होते. त्यात मी लिहिलं आहे, की श्रवणचाचणी प्रमाणित पद्धतीने करण्यात आली. लूमवरून थेट उठून आलेला कान तपासू नये, म्हणून कामगारांना त्यांच्या सुट्टीच्या दिवशी बोलावलं, तेही लिहिलं आहे. हा नियम तुमचाच. तो लिहिताना तुमची आठवण आली आणि रागही आला, नेहमीसारखाच. मी दुसऱ्या वर्षाला होते, एप्रनला खळ, हातात लाल-निळी पेन्सिल. उजवा कान लाल, डावा निळा. चाळीस लूम कामगारांच्या कानांचे आलेख माझे काढून झाले होते आणि एकेचाळिसावा माणूस आत बसला होता. तुम्ही कधी मागे येऊन उभे राहिलात ते कळलं नाही. मग पुढे झालात आणि यंत्रातून हेडफोनची वायरच उपसून काढलीत. "दाब," म्हणालात. मी म्हटलं, सर, वायर निघालीय. "दाब की." मी बटण दाबलं. आतल्या माणसानं बोट वर केलं. "परत." परत बोट वर. वायर तुमच्या हातात लोंबत होती आणि तो माणूस काचेतून माझ्याकडे बघत शांतपणे बोट वर करत होता.

"ह्यो मानूस वीस वर्षं लूमवर हाय," तुम्ही म्हणालात. "तितं कोन कुनाचं ऐकतंय? समदं हातावर आन तोंडावर बघून चालतंय. तुजा खांदा हलला की त्याला कळतंय. त्यो लबाड न्हाय, त्याला सवय हाय. विदुषी, तू कान न्हाय तपासत, डोळं तपासतीस. खुर्ची फिरव." मला तुम्ही विदुषीच म्हणायचात, आणि ते कौतुक नव्हतं. मी विचारलं, मग झालेले चाळीस? तुम्ही माझी फाइल उचललीत आणि दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय आणि बाकावरचे पेशंट यांच्यादेखत चाळीस आलेख मधोमध फाडलेत. घाईनंही नाही. दहा-दहाचा गठ्ठा करून. मग दार उघडून आत गेलात, त्या माणसाशी तेलुगूत काहीतरी बोललात, तो लाजून हसला, आणि तुम्ही स्वतः त्याच्या खुर्चीची पाठ काचेकडे करून दिलीत. त्या दिवशी मी हॉस्टेलवर जाऊन जेवले नाही. मैत्रिणींना सांगितलं, धनगरवाड्यावरचा मास्तर आहे तो, त्याला वाटतं आपण सगळी मेंढरं आहोत. आज हे लिहायला नको वाटतं, पण तेव्हा मी असंच बोलले होते.

तर ती पद्धत वाचून झाली आणि फक्त फोटो चढवायचा राहिला. तपासणी कशी केली ते दाखवणारा एक फोटो असावा, हे माझंच डोकं. विद्यार्थिनीनं तो काचेबाहेरून काढला होता आणि संमतीपत्रावर त्या माणसाची तेलुगूत सहीही घेतली होती. माणूस कोण, तर तोच टॉवेलच्या कारखान्यातला. नुसती संमती पुरत नाही, ओळख पटू नये म्हणून डोळे झाकायचे असतात. मी फोटो पडदाभर मोठा केला आणि डोळ्यांवर काळी पट्टी ओढायला गेले. आणि ते डोळे कुठे बघतायत ते मला दिसलं. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात यंत्राच्या बटणावर माझ्या विद्यार्थिनीची बोटं होती. तो माणूस काचेकडे तोंड करून बसला होता, मान किंचित पुढे, नजर थेट त्या बोटांवर, आणि त्याचं बोट वर.

मी तिला फोन लावला. रविवारची ती गावी गेलेली असते. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते. मी विचारलं, खुर्ची अशी कधीपासून आहे? "कुठली खुर्ची मॅडम? ती तशीच हाय की पहिल्यापासून. नवीन खोली बसवली तेव्हा कंपनीवाल्यांनी ठेवली होती तिथंच." सगळ्यांची तपासणी तशीच? "हो मॅडम, सगळ्यांची. का, काय चुकलं का?" मी म्हटलं, ते तुझ्या हाताकडे बघत होते, तुझ्या लक्षात नाही आलं? "आलं की मॅडम. मला वाटायचं, किती लक्ष देऊन बसतात ही माणसं. बाकीचे पेशंट इकडंतिकडं बघत असतात, ह्यांची नजर हलत न्हाई." मग माझ्या तोंडून गेलं, खुर्ची फिरवायची असते हे तुला कुणी सांगितलं नाही? ती अगदी हळू म्हणाली, "कुणी सांगायचं होतं मॅडम?" मी नंतर बोलते म्हणून फोन ठेवला.

कुणी सांगायचं होतं, सर? तुमचा सुट्टीच्या दिवसाचा नियम मी तिला लिहून दिला होता. खुर्चीचा दिला नव्हता. विसरले असं म्हणता येईल, पण तो दिवस मी एक तासही विसरलेले नाही. तो प्रसंग मी कितीदा सांगितला आहे, वायर, बोट, फाडलेले चाळीस कागद. दर वेळी तो तुम्ही किती उर्मट होता हे दाखवायला सांगितला. तुमच्याकडून मी खुर्ची शिकले, असं सांगायची वेळ येऊ नये म्हणून खुर्ची सांगायचीच ठेवली. तुमचा अपमान मी पुढच्या पिढीला दिला आणि तुमचं शहाणपण स्वतःजवळ ठेवून कुजवलं.

तरी मी लगेच शहाणी झाले असं समजू नका. मी विभागप्रमुखांना फोन केला. त्यांना आधी पेपर कुठला ते आठवेना. मग मी सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "अहो मॅडम, मग फोटो काढून टाका ना. फोटो कंपल्सरी आहे का?" मी म्हटलं, फोटो काढला तरी खुर्ची तशीच राहते. "रिव्ह्यूअर काय इथं येणार आहे का खुर्ची बघायला? तुम्ही उगाच डोक्याला ताप करून घेता. परवा लास्ट डेट आहे." मला त्या माणसाची किळस आली. आणि ती येत असताना मी फोटोची फाइल यादीतून काढून टाकली होती, कारण ही युक्ती त्यांनी सांगायच्या आधीच मला सुचलेली होती. पडद्यावर आता नऊ फाइली आहेत. नऊच्या नऊ हिरव्या झाल्या आहेत, म्हणजे नीट चढल्या आहेत. खाली 'पाठवा'चं बटण आहे. ते दाबलं की पोच येते, पोच आली की अर्ज जातो, आणि पुढच्या मीटिंगला खुर्ची देणारी मी असते.

त्या बटणावर बोट ठेवून मी बसले होते तेव्हा बाजूला संमतीपत्र पडलेलं होतं, त्यावर फोन नंबर. मला तिच्या पिशवीत गेलेली ती रिपोर्टची घडी आठवली. मी नंबर लावला. बायकोनंच उचलला. मी कोण ते सांगितलं. "बोला मॅडम." मी म्हटलं, तुमच्या मिस्टरांचे कान परत तपासायचे आहेत. "नॉर्मल हाय म्हटलं हुतं न्हवं?" मी म्हटलं, आमची तपासणी चुकली. इतकं म्हणायला मला किती जोर लावावा लागला, ते तुम्हाला सांगून काय उपयोग? ती आत कुणाला तरी तेलुगूत ओरडून काहीतरी बोलली, दोनदा, मग तिसऱ्यांदा आणखी मोठ्यानं. मग मला म्हणाली, "सुट्टीला येतो. मंगळवारी." आणि फोन ठेवता ठेवता, "मॅडम, मी नाय आली तर चालतंय न्हवं? ते एकटेच येतील." मी चालेल म्हटलं. तिला 'या' म्हणायला मला तोंड नव्हतं.

मग विद्यार्थिनीला परत फोन केला. ती रडून बसलेली होती, आवाजावरून कळत होतं. मी सांगितलं, मंगळवारपासून सगळे परत बोलवायचे, खुर्ची फिरवून. चूक तुझी नाही, माझी आहे, हेही सांगितलं, पण इतक्या घाईनं की तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ती म्हणाली, "मॅडम, सगळे न्हाई येणार. एकदा सुट्टी घालवलीय त्यांनी, निम्मे तरी न्हाई येणार. मग आपला आकडा कसा बसायचा?" मी म्हटलं, जे येतील तेवढेच धर. "आणि न आलेले?" न आलेले म्हणून लिही. "असं चालतं?" चालतं, मी म्हटलं. ती म्हणाली, बरं मॅडम, आणि तिचा श्वास सुटल्याचं मला इथे ऐकू आलं.

न आलेले म्हणून लिही. इतकं सोपं होतं ते, सर. तेव्हा माझ्या त्या फाडलेल्या चाळिसांतले तेहतीस परत तपासायला आले होते. सात आले नाहीत. दोघं भिवंडीला गेलेले, तिघांचा पत्ताच लागेना, एकाच्या घरी मयत झालेली, आणि एकानं तर लूमच्या शेडच्या दारातच सांगितलं, "बाई, एकदा कान दिला तुमाला, आता रोजच देऊ काय?" तुमच्यासमोर येऊन 'सात आले नाहीत' म्हणायची माझी छाती झाली नाही. फाडलेले कागद डोळ्यांपुढे होते. मेसच्या टेबलावर बसून मी सात माणसांचे चौदा कान लाल-निळ्या पेन्सिलीनं काढले. तुम्ही विचारलंत, "चाळीस झाले?" मी म्हटलं, झाले सर. तुम्ही एकेक आलेख खिडकीच्या उजेडाकडे धरून बघितलात आणि सही केलीत. वायर उपसून लबाडी नसलेल्या माणसाचं बोट पकडणारे तुम्ही, आणि माझी पेन्सिल तुम्हाला दिसली नाही. त्या दिवसापासून तुमच्याबद्दल मला जे वाटत आलं, त्याला मी तिटकारा म्हणत होते. पकडलं असतंत तर बरं झालं असतं, असं वाटत होतं ते.

परीक्षा झाल्यावर तुम्ही कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलाशी आलात. हातात खाकी पाकीट. आत माझ्या कामाच्या तीन प्रती, वर जर्नलचा पत्ता तुमच्या त्या मोठ्या, सातवीतल्या मुलासारख्या अक्षरात, तिकिटंसुद्धा लावलेली. "विदुषी, हे धाड," म्हणालात. "चांगलं काम केलंस तू." दुसऱ्यांदा बोलावं लागू नये म्हणून की काय, लगेच वळून गेलात. चहाही घेतला नाहीत. चार महिन्यांनी व्हरांड्यात विचारलंत, "काय आलं का त्यांचं?" मी सांगितलं, परत आलं सर, नको म्हणाले. तुम्ही माझ्याकडे बघत उभे राहिलात. मला वाटलं, आता पकडतील. पण तुमचा चेहरा माझ्यासाठी पडला होता. आणि मग तुम्ही ते वाक्य पहिल्यांदा बोललात, "छापनाऱ्यांना काय कळतंय? त्यांना कान हायत का?" पुढे मरेपर्यंत तुम्ही ते म्हणत राहिलात, ओपीडीत, मीटिंगमध्ये, पाहुण्या डॉक्टरांसमोर. आमच्या पोरीचं काम परत धाडलं त्यांनी, म्हणायचात. मग तुम्ही होतात तोवर विभागातल्या कुणी कधी काही पाठवलं नाही.

मी लॅपटॉप मिटला आहे. बटण दाबलेलं नाही, आणि परवाची मुदत जाईल. हे मी योगदानाच्या एका कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर लिहिते आहे. तुम्हाला कुठे पाठवणार?

सर, तो लेख परत आला नव्हता. मी तो पाठवलाच नव्हता. पाकीट माझ्या कपाटात लग्नातल्या साड्यांखाली आहे, तुम्ही डिंक लावून बंद केलंत तसंच. हा कागद त्यात ठेवायचा तर आज ते उघडावं लागेल.